गुडघ्याचे अस्थिबंध आणि गाद्या: दुखापत, उपचार व पुनर्वसन

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल वाटीत बसलेला असतो, त्यामुळे हाडांच्या घडणीनेच तो सांधा पक्का राहतो. गुडघ्याला ही सोय नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात, आणि जिना उतरताना, धावताना, उडीवरून खाली येताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार याच जागेतून जातो. तरीही सांधा जागचा हलत नाही, कारण चार मजबूत अस्थिबंध, दोन गाद्या आणि भोवतीचे स्नायू त्याला धरून ठेवतात. यांपैकी काही फाटले की गुडघा दुखतो, सुजतो, आणि मुख्य म्हणजे भरवशाचा राहत नाही. गेलेला भरवसा परत मिळवणे हेच उपचाराचे उद्दिष्ट असते. शस्त्रक्रिया हा त्या वाटेवरचा एक टप्पा आहे, कित्येकदा तर त्याची गरजही पडत नाही. पुनर्वसन मात्र प्रत्येक दुखापतीत अटळ असते, आणि गुडघ्याचे पुढे काय होणार हे बहुतांशी त्यावरच ठरते.

चार अस्थिबंधांपैकी दोन सांध्याच्या आत, एकमेकांना छेद देत तिरपे जातात. पुढचा तो एसीएल. नडगी पुढे सरकू न देणे आणि ती मांडीच्या हाडाखाली नको तितकी पिळली जाऊ न देणे ही त्याची कामे. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, पण वळणे, थबकणे, दिशा बदलणे या सगळ्या हालचालींत तोच आधार देतो. त्याच्यामागचा पीसीएल अधिक जाड असतो आणि नडगीला मागे जाऊ देत नाही. सांध्याच्या आतल्या कडेला एमसीएल आणि बाहेरच्या कडेला एलसीएल असतो. गुडघा आत किंवा बाहेर झुकू नये याची काळजी हे दोघे घेतात.

गाद्या म्हणजे दोन हाडांच्या मधल्या अर्धचंद्राकार कूर्चा. वैद्यकात त्यांना मेनिस्कस म्हणतात. आतल्या बाजूची गादी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी उघडी, तर बाहेरची जवळजवळ पूर्ण गोल असते. गोल हाड आणि सपाट हाड यांच्यातली फट भरून काढून त्या भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतात. गुडघा सरळ असताना सांध्यावरचा साधारण निम्मा भार गाद्यांमधून जातो, तर काटकोनात वाकलेला असताना हे प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत पोचते. आतली गादी एमसीएलला जोडलेली असल्याने कमी हलते, म्हणून ती जास्त वेळा फाटते. उपचाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची बाब म्हणजे रक्तपुरवठा. प्रौढ माणसात गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला, साधारण एक तृतीयांश भागापर्यंत, रक्तवाहिन्या पोचतात. तिथली चीर शिवली तर जुळू शकते. आतल्या कडेला रक्तच पोचत नसल्याने तिथली चीर सहसा भरून येत नाही.

एसीएल फाटण्यासाठी कोणी अंगावर आदळावेच लागते असे नाही. बहुतेक वेळा खेळाडू एकटाच असतो, किंवा धक्का लागलाच तर तो गुडघ्याला लागलेला नसतो. कबड्डीतला प्रसंग याचे चांगले उदाहरण आहे. चढाईपटू गडी टिपून मध्यरेषेकडे झटकन वळतो. बुटाची पकड मॅटवर घट्ट असते, तळपाय जागेवर राहतो, गुडघा जेमतेम वाकलेला असतो आणि धड मात्र वळलेले असते. गुडघा आत कोसळतो, नडगी पुढे सरकून पिळली जाते आणि ‘कट्’ असा आवाज होतो. तो आवाज कधी कधी शेजारच्या खेळाडूलाही ऐकू जातो. घोट्याची पकड बसलेली असताना अंग पुढे ओढले गेले तरी हेच घडते. फुटबॉल, बास्केटबॉल आणि बॅडमिंटनमध्ये उडीवरून एका पायावर उतरताना हाच प्रकार होतो. चित्रफितींच्या अभ्यासातून असे दिसले आहे की पाय जमिनीला टेकल्यानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत बंध तुटलेला असतो. एवढ्या वेळात मेंदू सावध होऊन स्नायूंना आज्ञा देऊ शकत नाही. म्हणून उतरण्याची आणि वळण्याची योग्य सवय आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते. सारख्याच खेळात मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दोन-तीन पट अधिक होते. त्याची कारणे शरीररचना, स्नायूंची ताकद, उतरण्याची ढब आणि मिळणारे प्रशिक्षण या सगळ्यांत विखुरलेली आहेत.

पीसीएलची दुखापत बहुधा रस्त्यावरची असते. मोटारीच्या अपघातात वाकलेल्या गुडघ्याखालची नडगी डॅशबोर्डवर आदळते, दुचाकीवरून पडताना ती थेट रस्त्यावर आपटते आणि हाड मागे ढकलले जाते. एमसीएल बाहेरून आत येणाऱ्या धक्क्याने ताणला किंवा फाटला जातो. एलसीएल एकटा क्वचितच फाटतो. त्याच्यासोबत सांध्याच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातली बांधणीही सुटते आणि जवळून जाणाऱ्या नसेला इजा झाली तर पाऊल वर उचलता येत नाही.

गादीच्या दुखापतीत वयानुसार चित्र बदलते. तरुणांमध्ये वाकलेल्या गुडघ्यावर भार असताना पिळा बसून चीर पडते. बऱ्याचदा एसीएलसोबतच गादीही फाटते. कधी चीर इतकी लांब असते की गादीची सुटलेली पट्टी सांध्याच्या मध्ये येऊन अडकते आणि गुडघा सरळच होत नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर गादी झिजून ठिसूळ होते आणि किरकोळ कारणानेही फाटते. उकिडवे बसून उठताना किंवा खाली बसून काम करताना गुडघ्याच्या मागे एकदम कळ येते, त्यात कधी कधी आतल्या गादीचे मूळच हाडापासून सुटलेले असते. ही दुखापत साधी समजून सोडून देणे महागात पडते, कारण मूळ सुटलेली गादी भार पसरवू शकत नाही आणि सांधा लवकर झिजतो.

निदानाची सुरुवात प्रश्नांनी होते, आणि त्यांतला सगळ्यात उपयोगी प्रश्न सुजेच्या वेळेचा. दुखापतीनंतर तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झालेला असतो आणि एसीएल फाटल्याची शक्यता मोठी असते. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आली, तर गादीवर संशय जातो. पायरी उतरताना गुडघा दगा देतो का, मध्येच अडकतो का, यावरून पुढची दिशा कळते. त्यानंतर हाताने तपासणी होते. गुडघा थोडासा वाकवून, मांडी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहण्याची चाचणी फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाते. १९७६ साली ती प्रसिद्ध झाली. एसीएलसाठी आजही तिच्याइतकी विश्वासार्ह साधी चाचणी नाही. गादीसाठी पाय वाकवून फिरवत सरळ करण्याची चाचणी लिव्हरपूलचे मॅकमरी यांची. सांध्याच्या फटीवर बोट दाबून दुखते का हे पाहणेही तितकेच कामाचे ठरते. पंचावन्न किंवा त्याहून अधिक वय, गुडघ्याच्या वाटीवर किंवा नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दाबल्यावर दुखणे, गुडघा काटकोनात न वाकणे, चार पावलेही टाकता न येणे, यांपैकी काहीही असले तर हाड मोडले आहे का हे पाहण्यासाठी एक्स-रे लागतो. एमआरआयने बंध आणि गाद्या स्पष्ट दिसतात, पण तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मध्यमवयीन आणि वयस्क लोकांवरच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत एमआरआयवर गादी फाटलेली दिसलेल्यांपैकी बहुसंख्यांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. चित्रात दिसलेली प्रत्येक चीर दुखण्याचे कारण असतेच असे नाही, हे त्यावरून उघड झाले.

काही लक्षणे दिसताच रुग्णाला लगेच इस्पितळात नेणे भाग असते. जोरदार आघाताने गुडघ्याचा सांधा पूर्ण निखळला असेल आणि पाऊल थंड, पांढरट किंवा बधिर पडत असेल, तर गुडघ्यामागची मुख्य धमनी फाटलेली असू शकते. सहा ते आठ तासांत रक्तप्रवाह सुरू झाला नाही तर पाय गमवावा लागतो. सांधा आपोआप जागेवर बसला तरी हा धोका टळत नाही. अडकून बसलेला गुडघाही जोर लावून सरळ करू नये. दुखापत ताजी असताना चोळणे, मालीश करणे किंवा ओढून ‘बसवणे’ यांनी रक्तस्राव वाढतो आणि जखम मोठी होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय उंच ठेवणे, दाबपट्टी, कपड्यात गुंडाळलेला बर्फ आणि गरजेपुरती कुबडी एवढे पुरेसे असते.

उपचारांचा इतिहास म्हणजे कापण्याकडून जपण्याकडे झालेला प्रवास आहे. १८८३ साली एडिंबरामध्ये थॉमस ॲननडेल यांनी सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली होती, पण पुढची अनेक दशके फाटलेली गादी अख्खी काढून टाकण्याचीच रीत पडली. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून सांध्यातले बदल नोंदवले आणि गादी निरुपयोगी नाही हे दाखवले. दुर्बिणीचा मार्ग जपानने उघडला. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याच्या नळीने शवाच्या गुडघ्यात डोकावून पाहिले, आणि त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटलेला भाग काढला. एसीएलच्या जागी दुसरा पट्टा बसवण्याची कल्पना ब्रिस्टलचे हे ग्रोव्हज यांनी १९१७ मध्ये प्रत्यक्षात आणली होती.

आज एसीएल फाटला म्हणजे शस्त्रक्रिया ठरलेलीच, असे मानले जात नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळकर रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाची लगेच शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्याला आधी व्यायाम देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती आणि पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. वळण्या-थबकण्याच्या खेळांत परतायचे असेल, गुडघा वारंवार दगा देत असेल, किंवा सोबत शिवता येण्याजोगी गादी फाटली असेल, तर शस्त्रक्रियेकडे कल झुकतो. झिजलेल्या गादीसाठी फिनलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी निर्णायक ठरली. १४६ रुग्णांपैकी काहींची गादी खरोखर छाटली आणि काहींवर फक्त तसा देखावा केला. वर्षभराने दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. म्हणून उतारवयातल्या झिजलेल्या गादीला पहिला उपचार व्यायामाचा असतो. एमसीएल आणि पीसीएलच्या बहुतेक एकट्या दुखापतीही बिजागरीचा पट्टा आणि व्यायाम यांनी बऱ्या होतात. एमसीएलला तीव्रतेनुसार काही आठवडे लागतात. मागच्या-बाहेरच्या कोपऱ्याची किंवा अनेक बंधांची इजा मात्र बहुधा शस्त्रक्रियेवाचून सुटत नाही.

एसीएलच्या शस्त्रक्रियेत तुटलेला बंध सहसा शिवत नाहीत, त्याच्या जागी शरीरातलाच एक कंडरा बसवतात. तो मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचा, वाटीखालचा किंवा वाटीवरचा असतो. हा कंडरा आधी निर्जीव होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तो हळूहळू अस्थिबंधासारखा घडत जातो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सगळ्यात कमकुवत असतो. नेमक्या याच काळात दुखणे संपलेले असते, चालणे सुरळीत झालेले असते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. पुनर्वसनातली सगळ्यात मोठी चूक इथे होते.

एके काळी शस्त्रक्रियेनंतर पाय सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवत. अमेरिकेत इंडियानापोलिसचे शेलबर्न यांना मात्र असे आढळले की सांगितलेले बंधन न पाळता लवकर हालचाल सुरू करणाऱ्या रुग्णांचे गुडघे अधिक चांगले होत होते. १९९० साली त्यांनी नीट्झ यांच्यासोबत लवकर हालचालीचा कार्यक्रम मांडला आणि आजच्या पुनर्वसनाचा पाया घातला गेला.

पहिला टप्पा शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होतो. सूज उतरलेली, गुडघा पूर्ण सरळ होणारा आणि मांडी जागी असलेली, असा पाय घेऊन टेबलावर जाणाऱ्याची पुढची वाट सोपी होते. सुजलेला सांधा मांडीच्या पुढच्या स्नायूंना जणू बंद पाडतो. रुग्ण जोर लावतो, पण मांडी आकसतच नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत ती नजरेला दिसण्याइतकी बारीक होते. म्हणून सुरुवात अगदी साध्या व्यायामाने होते. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची आणि पाच सेकंद धरायची. स्नायू नीट आकसला तर वाटी मांडीकडे सरकलेली दिसते. तसे दिसेपर्यंत व्यायाम जमला असे समजू नये. गुडघा पूर्ण सरळ व्हावा म्हणून टॉवेल टाचेखाली ठेवून गुडघा मोकळा सोडायचा असतो. घरोघरी होते ते याच्या उलट. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी दिली जाते, पाय दिवसभर किंचित वाकलेला राहतो आणि शेवटचे पाच-दहा अंश कायमचे गमावले जातात. न वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा सरळ न होणारा गुडघा चालण्याला जास्त अडवतो.

दुसऱ्या टप्प्यात ताकद आणि तोल येतात. स्थिर सायकल, भिंतीला टेकून अर्धे बसणे, पायरी चढणे-उतरणे, एका पायावर उभे राहणे, आणि पुढे वजने घेऊन व्यायाम. अस्थिबंधात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोके असतात आणि ती बंधासोबत तुटलेली असतात. त्यामुळे तोल शिकणे हा शोभेचा व्यायाम ठरत नाही. पीसीएलच्या रुग्णाने सुरुवातीला मांडीच्या मागच्या स्नायूंचे जोराचे व्यायाम टाळायचे असतात, कारण ते नडगीला मागे ओढतात. गादी शिवली असेल तर बंधने वेगळी असतात. अनेक प्रकारच्या चिरांत चार ते सहा आठवडे कुबडी आणि ९० अंशांपलीकडे न वाकवणे, आणि त्यानंतरही साधारण चार महिने खोल बसणे वर्ज्य. मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे आणि देशी संडास यांची सवय असलेल्या घरांत हे आधीच समजावून सांगावे लागते, कमोडच्या खुर्चीची सोय करावी लागते. गादीचा तुकडा छाटलेला असेल तर रुग्ण त्याच दिवशी चालू लागतो आणि चार-सहा आठवड्यांत कामावर किंवा खेळाकडे परततो. लवकर उभा करणारा हा मार्ग सांध्याला मात्र पुढे महाग पडतो.

धावणे साधारण तीन ते चार महिन्यांनी सुरू होते, तेही सूज नसेल, गुडघा पूर्ण हलत असेल आणि मांडीची ताकद बरीच परतली असेल तरच. त्यानंतर उड्या, उतरणे, वळणे आणि शेवटी प्रत्यक्ष खेळातल्या हालचाली येतात. मैदानावर परतण्याचा निर्णय नुसत्या तारखेवर सोडता येत नाही. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी, एका पायावरच्या लंगडी-उड्यांच्या चाचण्यांतही तेवढेच प्रमाण मिळावे, आणि मनातली भीती गेलेली असावी. त्याच्या जोडीला वेळही लागतोच. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके पुढे ढकलले तितकी पुन्हा दुखापतीची शक्यता कमी झाली, दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर यांच्या एसीएलची शस्त्रक्रिया एप्रिल २०१७ मध्ये मुंबईत झाली, आणि जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या मेर्सिनला त्यांनी व्हॉल्टचे सुवर्णपदक मिळवले. डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर ऋषभ पंत यांच्या गुडघ्यावर मुंबईतच शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२४ मध्ये ते मैदानावर उतरले. उत्तम डॉक्टर, फिजिओ आणि सगळी साधने हाताशी असलेल्या खेळाडूंनाही वर्षाहून अधिक काळ लागला. तालुक्याच्या संघातला कबड्डीपटू तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मैदानावर दिसावा, अशी घाई संघाने, घरच्यांनी किंवा स्वतः त्याने करणे न्याय्य नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी एसीएल किंवा गादी फाटलेल्या गुडघ्यात पुढे संधिवात होण्याची शक्यता वाढलेलीच राहते. वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीचे व्यायाम कायम चालू ठेवणे हेच त्यावरचे हाती असलेले उपाय. म्हणून दुखापत टाळण्याचे मोल फार मोठे आहे. फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा सराव, किंवा त्यासारखे ताकद, तोल आणि उतरण्याची शिस्त शिकवणारे कार्यक्रम आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने केले, तर एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी होतात असे एकत्रित अभ्यास सांगतात. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. गुडघा आत न झुकवता, वाकवून, दोन्ही पायांवर अलगद उतरायला शिकवणारा प्रशिक्षक आणि थोडी मोकळी जागा एवढे पुरते. शाळेच्या मैदानापासून हा सराव सुरू झाला, तर कित्येक गुडघ्यांना शस्त्रक्रियेची आणि महिनोन्‌महिन्यांच्या पुनर्वसनाची वेळच येणार नाही.